दुहेरीत नेटवरचा खेळाडू कसा घडवायचा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची टेनिसच्या दुहेरीची कुठलीही मॅच दहा मिनिटं बघा. मागचा खेळाडू बेसलाइनवर, म्हणजे कोर्टच्या शेवटच्या रेषेवर, धावून धावून घामाघूम झालेला असतो, आणि त्याचा जोडीदार नेटपासून हातभर अंतरावर, बाजूच्या रेषेला चिकटून, रॅकेट मांडीपाशी लोंबकळत ठेवून उभा असतो. गेमच्या गेम संपतात, तरी त्याच्या रॅकेटला चेंडू लागत नाही. एखादा अंगावर आलाच तर तो नेटमध्ये जातो. मग प्रशिक्षक म्हणतात, याची व्हॉली (टप्पा पडायच्या आत मारलेला फटका) कच्ची आहे, आणि त्याला समोर उभं करून शंभर चेंडू टाकतात. त्या शंभरातले नव्वद तो नीट परतवतो, पण पुढच्या मॅचला पुन्हा तसाच पुतळ्यासारखा उभा राहतो.

हाताचा दोष इथं फार थोडा असतो. चुकलेली असते ती उभं राहायची जागा, थिजलेले असतात पाय, आणि नजर भलतीकडे असते. म्हणून शिकवायचा क्रम जागा, पाय, नजर आणि शेवटी हात असा ठेवा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तो उलटा असतो.

जागा

नेटपासून सर्व्हिस लाइन ६.४० मीटरवर असते. ती आणि नेट यांच्यामधले दोन चौकोन म्हणजे सर्व्हिस बॉक्स, सर्व्हिस त्यांतल्या एकात पडावी लागते. जोडीदार सर्व्हिस करत असताना नेटवरच्या खेळाडूनं या अंतराच्या निम्म्यावर किंवा थोडं पुढे, म्हणजे नेटपासून अडीच ते तीन मीटरवर, सर्व्हिस बॉक्सच्या मधोमध उभं राहायचं. कोर्टवर खडूनं फुली मारून द्या. मुरमाचं कोर्ट असेल तर फक्कीची चिमूट पुरते. ही फुली पहिले दोन आठवडे तरी पुसू नका, कारण मुलं नकळत बाजूच्या रेषेकडे सरकतात. डोळ्यांसमोर खूण असली की त्यांचं त्यांनाच कळतं.

ती बाजूला सरकतात ते भीतीनं: समोरच्यानं ॲलीतून, म्हणजे दुहेरीच्या बाजूच्या पट्टीतून, सरळ मारला तर बोलणी आपल्याला बसतील. ही भीती आकडे दाखवून घालवा. नेट मध्यभागी ०.९१४ मीटर उंच असतं, खांबापाशी १.०७ मीटर. म्हणजे सरळ मारणाऱ्याला नेटचा उंच भाग ओलांडावा लागतो. शिवाय सरळ रेषेत कोर्टची लांबी २३.७७ मीटर, तर कोपऱ्यातून समोरच्या तिरप्या कोपऱ्यात ती २६ मीटरच्या वर जाते. सरळ फटक्यात नेट उंच आणि कोर्ट आखूड, तिरप्यात नेट खाली आणि कोर्ट लांब. त्यामुळे शहाणा खेळाडू बहुतेक रिटर्न, म्हणजे सर्व्हिसचे परतीचे फटके, तिरपेच मारतो. क्वचित येणाऱ्या सरळ फटक्याची राखण करत बसलो, तर मधून जाणारे सगळे चेंडू फुकट सोडले जातात. मॅचमध्ये दोन-तीन चेंडू ॲलीतून गेले तर बिघडत नाही, हे प्रशिक्षकानं मुलाला तोंडानं सांगायला हवं. जोडीदारालाही सांगायला हवं. नाहीतर एक चेंडू बाजूनं गेला की मागून "अरे, तुझी बाजू सांभाळ ना!" असं ओरडणं येतं आणि पोरगं पुन्हा रेषेला चिकटतं.

आपला जोडीदार रिटर्न करणार असेल तेव्हा जागा वेगळी. तेव्हा सर्व्हिस लाइनवर किंवा तिच्या अर्धं पाऊल पुढे उभं राहायचं. समोरचा नेटवाला आपल्या जोडीदाराचा रिटर्न मध्येच पकडून थेट आपल्या पायांत मारू शकतो, म्हणून थोडं मागे. रिटर्न त्याला ओलांडून गेला की लगेच दोन पावलं पुढे. त्यानं पकडलाच तर जागच्या जागी खाली बसून रॅकेट समोर.

पाय

नेटवर वेळ किती मिळतो ते एकदा हिशेब करून सांगा. समोरचा बेसलाइनवर, आपला खेळाडू नेटपासून तीन मीटरवर, म्हणजे मधलं अंतर साधारण १५ मीटर. चेंडू ताशी ८० किलोमीटरनं आला तर हातात पाऊण सेकंदाच्या आसपास वेळ उरतो. तेवढ्यात टाचांवर उभा असलेला माणूस पहिलं पाऊलही टाकू शकत नाही.

यावर उपाय छोट्या उडीचा, म्हणजे स्प्लिट स्टेपचा. समोरच्याची रॅकेट पुढे यायला लागली की दोन-तीन इंच उडायचं, आणि तो चेंडूला भिडतो त्याच क्षणी दोन्ही पायांच्या चवड्यांवर उतरायचं. पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, गुडघे वाकलेले. कबड्डीत चढाई आल्यावर कोपरा रक्षक जसा उभा असतो तसं म्हटलं की आपल्याकडच्या पोरांना लगेच कळतं, वेगळं समजवावं लागत नाही.

सराव चेंडूशिवाय सुरू करा. तुम्ही समोर बेसलाइनवर उभे राहून नुसती रॅकेट फिरवा. खेळाडूनं उडी मारून तुम्ही दाखवाल त्या दिशेला एक पाऊल टाकायचं, मग परत फुलीवर. १० वेळा, थांबा, पुन्हा १०. तुम्ही डोळ्यांनी नव्हे, कानांनी तपासा. बुटांचा 'थप्' असा एकच आवाज आला तर दोन्ही पाय एकदम उतरले. 'टप-टप' असे दोन आवाज आले तर त्यानं नुसती पावलं बदलली. उडी उंच असेल तर उतरायला उशीर होतो आणि चेंडू अंगावर येईपर्यंत खेळाडू हवेतच असतो. मुलांकडून सर्वांत जास्त होणारी चूक हीच, कारण 'उडी' म्हटलं की त्यांना उंच उडायचं असतं. अशा वेळी उडी हा शब्दच टाळा, "पाय मोकळे कर" म्हणा.

दुसरी गोष्ट म्हणजे चेंडूबरोबर सरकणं. चेंडू समोरच्या उजव्या कोपऱ्यात गेला की नेटवाल्यानं त्याच बाजूला पाऊल-दीड पाऊल सरकायचं, आणि दोघंही नेटवर असतील तर दोघांनी. चांगली जोडी शेतातल्या बैलजोडीसारखी चालते. एकाचंच पाऊल पुढे पडलं तर तास वाकडं जातं. यासाठी साडेतीन मीटरची सुतळी घ्या, दोघांच्या आतल्या हातात एकेक टोक द्या आणि तुम्ही समोरून चेंडू डावी-उजवीकडे टाका. सुतळी ताणलेलीही नको, जमिनीला लोळणारीही नको. कमरेला मात्र ती बांधू नका. एक पडला तर दुसऱ्यालाही घेऊन पडेल.

नजर

जोडीदार सर्व्हिस करत असताना मागे वळून बघायचं नाही. ही सवय जवळजवळ प्रत्येक नवशिक्याला असते. मागे बघून मान पुढे वळवेपर्यंत रिटर्न येऊन गेलेला असतो. नजर समोरच्या रिटर्न करणाऱ्याच्या रॅकेटवर ठेवायची. सर्व्हिस कुठं पडली हे त्याच्या पायांवरून कळतं. तो बाहेर ताणला गेला तर नेटवाल्यानं अर्धं पाऊल ॲलीकडे, मधल्या रेषेवर दाबला गेला तर अर्धं पाऊल मध्याकडे. जोडीदार रिटर्न करत असेल तेव्हा मात्र समोरच्या नेटवाल्याकडे बघायचं, कारण पहिला धोका त्याच्याकडून असतो.

पकड आणि व्हॉली

आता हात. बेसलाइनवर आजकाल सगळेच टॉपस्पिनची, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेनं फिरकी देणारी, पकड धरतात, आणि मुलं तीच घेऊन नेटवर येतात. फोरहँड कसाबसा जातो, पण बॅकहँडला चेंडू आला की मनगट पिळवटतं. नेटवर पकड बदलायला वेळ नसतो, म्हणून दोन्ही बाजूंना एकच, कॉन्टिनेंटल. रॅकेटची कड जमिनीकडे करून कुऱ्हाड धरल्यासारखी धरायला सांगा. उजव्या हातानं खेळणाऱ्याच्या तर्जनीचं मुळाकडचं हाड रॅकेटच्या मुठीच्या अष्टकोनातल्या उजवीकडच्या वरच्या तिरक्या पैलूवर आलं पाहिजे. त्या पैलूवर पेनानं ठिपका काढून ठेवा. पकड ढिली ठेवायची, चेंडू लागायच्या क्षणी आवळायची. सतत आवळून धरली की दंड आखडतो आणि हात उशिरा हलतो.

व्हॉलीचा पहिला धडा रॅकेटशिवाय घ्या. खेळाडूनं सर्व्हिस लाइनच्या पुढे उभं राहून तुम्ही खालून टाकलेला चेंडू हातानं झेलायचा, पण शरीराच्या पुढे, एक पाऊल पुढे टाकून. मग तीच हालचाल रॅकेटनं. रॅकेटचं डोकं मनगटापेक्षा वर, समोर, छातीच्या उंचीला. मागे नेणं जवळपास नाहीच, फक्त खांदा वळवायचा. फोरहँडला डावं पाऊल पुढे, बॅकहँडला उजवं. फटका मारायचा नाही, चेंडूला अडवून पुढे ढकलायचं.

रॅकेट मागे नेणारा मुलगा असेल तर त्याला कोर्टभोवतीच्या कुंपणाच्या जाळीला पाठ टेकवून उभं करा आणि चार-पाच मीटरवरून चेंडू टाका. रॅकेट मागे गेली की जाळीला आपटते. दहा-बारा चेंडूंत सवय मोडायला लागते, तोंडी सांगून महिनाभर मोडत नाही.

चूक ओळखायला चेंडू कुठं जातो ते बघा. नेटमध्ये जात असेल तर रॅकेटचं डोकं खाली पडलंय, किंवा गुडघे न वाकवता नुसता हात खाली गेलाय. वर उडत असेल तर मनगट सैल आहे किंवा रॅकेटचं तोंड फार उघडलंय. कायम बाजूला जात असेल तर चेंडू शरीराच्या मागे लागतोय, म्हणजे पाऊल उशिरा पडतंय. पायांजवळच्या चेंडूसाठी डोळे नेटच्या वरच्या पट्टीपर्यंत खाली आले पाहिजेत. तुम्ही बाजूनं उभं राहून बघा, पाठ वाकलेली दिसली तर गुडघे वाकलेले नाहीत.

चेंडूची भीती ही खरी अडचण आहे, तिला हसू नका. १०-१२ वर्षांच्या मुलाच्या तोंडावर एकदा चेंडू बसला की तो डोळे मिटून खेळतो. मुलांसाठी ऑरेंज आणि ग्रीन असे संथ चेंडू मिळतात: ऑरेंज नेहमीच्या पिवळ्या चेंडूच्या निम्म्या वेगाचा असतो, ग्रीन साधारण पाऊणपट. तिथून सुरुवात करा, आणि ग्रीनवर सलग १० व्हॉली डोळे उघडे ठेवून झाल्या की पिवळा द्या. मोठ्या माणसांनाही जुन्या, दाब गेलेल्या चेंडूंनी सुरुवात करायला हरकत नाही.

कुठं मारायचा

एकच नियम पाठ करून घ्या: नेटच्या वरचा चेंडू जवळच्याला, नेटच्या खालचा लांबच्याला. उंच मिळाला तर समोरच्या नेटवाल्याच्या पायांत किंवा दोघांच्या मधल्या फटीत खाली मारा. खाली मिळाला तर तो वर उचलावाच लागतो, आणि जवळच्याकडे उचलला तर तो तुमच्या अंगावर मारेल. म्हणून बेसलाइनवरच्याकडे, खोल. मुलं बहुतेकदा याच्या बरोबर उलट करतात.

मध्येच पकडणं

समोरच्याचा तिरपा रिटर्न जोडीदाराकडे जायच्या आत मध्ये घुसून पकडणं, याला सगळे पोच म्हणतात. नेटवाल्याचं खरं काम हेच, आणि इथंच सर्वांत जास्त वेळ द्यायला हवा.

दिशा आधी. नेटला समांतर पळू नका, तिरपे पुढे, नेटच्या मधल्या पांढऱ्या पट्टीकडे पळा. समांतर पळालं की चेंडू खाली यायला वेळ मिळतो आणि तो कमरेखाली सापडतो. पुढे गेलं की तोच चेंडू छातीला मिळतो. पट्टीपासून दीड मीटरवर खडूनं दुसरी फुली काढा. पहिल्या फुलीपासून ती तीन पावलांवर येते. बाहेरच्या पायानं जमीन ढकलून निघायचं.

वेळ त्याहून नाजूक. समोरच्याचं डोकं चेंडूकडे खाली जातं, रॅकेट पुढे निघते, त्या क्षणी सुटायचं. आधी सुटलो तर तो बघतो आणि ॲलीतून मारतो. नंतर सुटलो तर चेंडू पुढून निघून जातो. एकदा निघालं की परत फिरायचं नाही. खो-खोत खो मिळालेल्यानं एक दिशा धरली की त्याला मागे वळता येत नाही, तसंच इथं. अर्ध्यात थांबलेला नेटवाला दोन्ही बाजू मोकळ्या सोडतो, आणि मागच्या जोडीदाराला कुठं जायचं तेच कळत नाही. मध्य ओलांडला की जोडीदारानं रिकाम्या बाजूला पळायचं, हा करार आधीच ठरलेला हवा.

उजव्या हाताच्या खेळाडूला सुरुवात उजव्या कोर्टातल्या सर्व्हिसवर करून द्या. तेव्हा नेटवाला डाव्या बॉक्समध्ये असतो आणि उजवीकडे पळताना फोरहँड मिळतो. डाव्या कोर्टातून सर्व्हिस असताना त्याच मुलाला बॅकहँडनं पकडावं लागतं, ते दोन-तीन आठवड्यांनी घ्या. सर्व्हिस मधल्या रेषेवर पडली तर समोरच्याला तिरपा कोन कमी मिळतो, म्हणून आधी तशाच सर्व्हिसवर पोच करायला शिकवा.

इशारे साधे ठेवा. नेटवाल्यानं पाठीमागे मूठ दाखवली तर मी इथंच, पंजा उघडला तर मी जातोय. सर्व्हिस करणाऱ्यानं "हो" म्हटल्याशिवाय सर्व्हिस सुरू करायची नाही.

या सरावाचे गुण जरा वेगळे द्या. पोचचा प्रयत्न केला तर १, जिंकला तर २, चेंडू ॲलीतून गेला तर ०, पण वजा काहीच नाही. जागेवरून हललाच नाही तर मात्र समोरच्याला १. असं दहा सर्व्हिसचं खेळा. नेहमीचे गुण ठेवले तर मुलं चुकायच्या भीतीनं हलतच नाहीत.

दोन नियम इथंच सांगून टाका. पळताना रॅकेट, कपडे किंवा अंग नेटला लागलं तर पॉइंट गेला. चेंडू आपल्या बाजूला येण्याआधी नेटपलीकडे हात घालून मारला तरी पॉइंट गेला. मारल्यानंतर रॅकेट पलीकडे गेली तर चालते.

डोक्यावरून लॉब

नेटवर चांगलं खेळायला लागलं की समोरचे लॉब, म्हणजे डोक्यावरून जाणारे उंच चेंडू, टाकणारच. तोंड नेटकडे ठेवून मागे मागे पळू देऊ नका. हार्ड कोर्टवर असं पडून मनगट मोडतं किंवा डोकं आपटतं. पहिल्या पावलाला अंग आडवं, रॅकेट नसलेला हात चेंडूकडे, मग आडव्या पावलांनी मागे. तीन पावलांत चेंडू मिळत असेल तर स्मॅश, म्हणजे डोक्यावरून खाली जोरात फटका. नसेल तर हाक द्या, मागचा जोडीदार तिरका धावून घेईल आणि नेटवाल्यानं दुसऱ्या बाजूला जायचं.

हाकेचे शब्द आवाजानं वेगळे हवेत. अहिराणी बोलणारी पोरं सहज "मना" (माझा) आणि "तुना" (तुझा) अशा हाका मारतात. कानाला गोड आहेत, पण दोन्हींचा शेवट सारखा. वारं सुटलं की मागच्याला नुसतं 'ना' ऐकू येतं आणि दोघंही थांबतात किंवा दोघंही धावतात. "मना" आणि "सोड" ठेवा.

कोर्ट उत्तर-दक्षिण असेल तर हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या बाजूनं खेळणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन येतं. अशा वेळी दुसऱ्या हाताचा पंजा सूर्यावर धरून चेंडू बघायला शिकवा, आणि फारच उंच लॉब असेल तर टप्पा पडू द्या.

उन्हाळ्यातलं सत्र

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४३-४५ अंशांवर जातो. सराव सकाळी साडेआठच्या आत आटोपा. तापलेल्या चेंडूतला दाब वाढतो, तो जास्त उसळतो आणि लांब जातो, म्हणून घमेल्यातले चेंडू सावलीत ओल्या गोणपाटानं झाकलेल्या पेटीत ठेवा, ओले मात्र होऊ देऊ नका.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कोर्ट एक आणि मुलं आठ. दीड तासात पहिली १५ मिनिटं पायांचा सराव सगळ्यांनी एकत्र, चेंडूशिवाय करावा. पुढची २५ मिनिटं व्हॉली, चार-चारचे दोन गट, एक गट खेळणार, दुसरा चेंडू गोळा करणार. प्रत्येकाला एका वेळी ६ ते ८ चेंडूच द्या. त्यापुढे पाय मंदावतात आणि चुकीची सवय पक्की होते. ३० मिनिटं पोच, उरलेला वेळ खरी दुहेरी.

खेळ चालू असताना एका मुलाला वही देऊन कडेला बसवा. त्यानं प्रत्येक नेटवाल्याचे तीन आकडे लिहायचे: किती वेळा जागेवरून हलला, किती चेंडूंना रॅकेट लागली, किती पॉइंट मिळाले. पहिल्या महिन्यात खेळाडूला फक्त पहिला आकडा दाखवा. तो वाढायला लागला की दुसरा. तिसरा आकडा आपोआप वर येईपर्यंत तो तुमच्याजवळच राहू द्या.